दशांशाचे चौदावे घर

२०१३ सालच्या ऑगस्टमध्ये लेनर्ड हेलॉकच्या निवृत्तीला सत्तावीस दिवस उरले होते, आणि नोरीन केव्हनी त्याच्या अकरा वर्षांच्या कामावर सही करायला तयार नव्हती.

केंब्रिजच्या उत्तरेला, बदकांच्या तळ्याशेजारी एका बसक्या इमारतीत त्यांची कंपनी होती. तिथे कंपायलर तयार होत. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरला कळेल अशा हुकमांत उतरवून देणारा दुभाषा, एवढेच कंपायलरचे काम. पण दुभाषा हुशार असला तर प्रोसेसर तेच काम निम्म्या वेळात उरकतो. नव्या प्रोसेसरना जणू चार हात आले होते. चार आकडे एकदम उचलावेत, चार बेरजा एकदम कराव्यात. जुने दुभाषे मात्र त्यांना एकाच हाताने राबवत होते. लेनर्डने अकरा वर्षे खपून आपल्या कंपायलरला चारही हात वापरायला शिकवले होते. आकड्यांची लांबलचक रांग दिसली की तो ती चौघांत वाटून टाकी, चार ढीग वेगळे रची आणि शेवटी एकत्र करी. ऑफिसात या कामाला सगळे ‘लेनची चौकडी’ म्हणत.

नोरीन तपासणी विभागाची प्रमुख होती. तिच्या सहीशिवाय त्या इमारतीतून काहीही बाहेर पडत नसे.

“बेरीज बदलतेय, लेन.”

“बेरीज नाही बदलत. दशांशाचं चौदावं घर बदलतंय.”

“म्हणजे बदलतेय.”

“अगं, आठ पूर्णांक सात दशांश हा आकडा यंत्राला नेमका लिहिताच येत नाही. आपल्याला एक तृतीयांश दशांशात संपवता येतो का? तसंच. दर बेरजेला एखादी कणी सांडते नाहीतर चिकटते. एका हातानं केलं तर एक कणी, चार हातांनी केलं तर दुसरी. पृथ्वीपासून चंद्रापर्यंतचं अंतर मोजलंस तरी केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाचा फरक पडणार नाही.”

“मला चंद्रावर जायचं नाहीये. मला सही करायची आहे.”

“कोणाचं काय बिघडतंय, ते तरी सांग!”

नोरीनने चहाचा घोट घेतला. ती चिडली की चहा पीत असे, आणि लेनर्डच्या खोलीत ती दिवसाला पाच कप पीत असे.

“बरं. असं करू,” ती म्हणाली. “इथला चाचणीतला नको. खरी माणसं वापरतात असा एक प्रोग्रॅम शोध. तुझ्या चौकडीतून काढ आणि त्यांना वापरू दे. एकानंही तक्रार केली नाही तर मी सही करते. एकानं जरी केली, तर चौकडी या आवृत्तीतून बाहेर.”

“आणि पुढची आवृत्ती?”

“दोन वर्षांनी.”

दोन वर्षांनी लेनर्ड घरी असणार होता आणि त्याच्या खुर्चीवर असा कोणीतरी, ज्याला ती चौकडी म्हणजे आधीच्या म्हाताऱ्याची अडगळ वाटली असती. हे दोघांनाही ठाऊक होते. लेनर्ड म्हणाला, “ठरलं,” आणि शनिवारची वाट पाहू लागला. शनिवारी त्याच्या गावात भाजी-फुलांचे प्रदर्शन होते आणि तिथल्या गुणांची बेरीज करणारा प्रोग्रॅम त्यानेच लिहिलेला होता. यंदा तो जुन्या कंपायलरऐवजी चौकडीतून काढायचा.

ड्रेव्हली हे गाव एली या शहरापासून बसने वीस मिनिटांवर. काळी सपाट जमीन, एक चर्च, एक खाटकाचे दुकान आणि ऑगस्टमधले ते प्रदर्शन. कांदे, घेवडा, भोपळा, गुलाब, प्लमचा जॅम, केक, चटणी अशा अकरा प्रकारांत गुण मिळत आणि एकूण बेरजेवर चषक ठरे. चषक चांदीचा नव्हता, पण हे चषकासमोर कोणी बोलत नसे.

१९९६ साली ऑड्री सेचेलने डल्सी पीचीला अर्ध्या गुणाने हरवले होते. त्यावरून गावाचे जे दोन तुकडे झाले ते सांधायला पाद्र्याला दीड वर्ष लागले. चर्चचे गायन बंद पडले, कारण उंच पट्टीच्या सगळ्या बायका डल्सीच्या बाजूच्या होत्या आणि खालच्या पट्टीच्या ऑड्रीच्या. दोघींनी एकमेकींशी बोलणे टाकले ते टाकलेच. पुढच्या वर्षापासून मात्र एक नवल घडू लागले. दोघींची बेरीज दर साली अगदी बरोबरीत येई. चषक सहा महिने एकीकडे, सहा महिने दुसरीकडे. फेब्रुवारीच्या दोन तारखेला एक बाई तो चर्चच्या ओसरीत ठेवून जाई आणि दहा मिनिटांनी दुसरी येऊन उचलून नेई. हे नवल कसे घडते असे कोणी विचारले नाही. गायन सुरू झाले होते, तेवढे पुरे होते.

शनिवारी ऊन छान पडले होते. लेनर्डची बायको ग्लेनिस प्रदर्शनाची सचिव. तिने दुपारी परीक्षकांचे गुण टाइप केले, लेनर्डने कळ दाबली, कागद निघाला आणि ग्लेनिस तंबूत ध्वनिक्षेपकासमोर जाऊन उभी राहिली. सोळा वर्षे ती तेच वाक्य बोलत आली होती, त्यामुळे कागदाकडे न बघताच तिने सुरुवात केली.

“सलग सतराव्या वर्षी यंदाचा चषक विभागून देण्यात येत आहे मिसेस पीची आणि…”

मग तिने कागदाकडे पाहिले. कागदावर एकच नाव होते.

“लेन,” ती ध्वनिक्षेपकातूनच म्हणाली, “हे काय आहे?”

कागदावर असे होते: पीची, ९७.३०. सेचेल, ९७.३०. विजेती : सेचेल.

एक्याऐंशी वर्षांची डल्सी पीची काठी न घेता उठली, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते लोकांनी ओळखले.

“सत्त्याण्णव पूर्णांक तीन दशांश तिला. सत्त्याण्णव पूर्णांक तीन दशांश मला. मग ती जिंकली कशी रे, लेनर्ड?”

लेनर्डने तो कागद पाहिला. त्याला कणी दिसली. पण कणी म्हटले की चौकडी गेली, म्हणून तो एवढेच म्हणाला, “कागदावर दोनच घरं छापलीत, डल्सीबाई. पुढे थोडा फरक असेल.”

“किती पुढे? छाप की!”

त्याने छापले. ऑड्रीच्या नावापुढे तीनानंतर तेरा शून्ये आली. डल्सीच्या नावापुढे आले ९७.२९९९९९९९९९९९९८. सारा तंबू त्या कागदावर वाकला.

“बापरे, किती ते नऊ!” कोणीतरी म्हणाले.

“नऊ कितीही असू देत,” डल्सी म्हणाली, “हे शक्यच नाही. दुसऱ्या कशात हरले असते तर समजलं असतं. पण चटणीत… हे शक्यच नाही.” तिला इतकी खात्री कशी, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. आणि जिंकलेली ऑड्री हसत का नाही, ती खुर्चीत पर्स घट्ट धरून भेदरल्यासारखी का बसली आहे, हेही कोणी पाहिले नाही. सगळे नऊ मोजत होते.

ही तक्रार आहे का, असे लेनर्डने स्वतःला विचारले आणि ही तक्रार निकालाबद्दल आहे, कंपायलरबद्दल नाही, असे उत्तर देऊन तो तंबूच्या मागे गेला. तिथे त्याच्याआधीच दोघेजण जाऊन भांडत होते. पाद्री ऑस्लर आणि खाटीक केन गॉटोबेड. दोघेही प्रदर्शनाचे परीक्षक.

“केन, आपलं ठरलं होतं ना?” पाद्री दबक्या आवाजात म्हणाला.

“ठरलं होतंच की, पाद्रीबुवा! मग तुम्ही कशाला मोडलंत?”

“मी? अरे, एकीला जे गुण तेच दुसरीला, अकराच्या अकरा प्रकारांत. सतरा वर्षं मी प्रामाणिकपणे ही अप्रामाणिक गोष्ट करत आलोय. ऑड्रीचे कांदे बघून डोळ्यांत पाणी तुझ्या आलं होतं!”

“कांदे बघून पाणी येणारच! मी माझे गुण तुमच्या कागदावरून उतरवले, एकूण एक. तुम्हीच मागाहून ऑड्रीबाईंना कणभर काहीतरी वाढवलं असणार. दर रविवारी तुम्हाला केक आणून देते ती.”

“आणि तुझ्या दुकानातून दर शनिवारी दोन किलो मटण कोण नेतं?”

“माझं मटण मध्ये आणू नका हां, सांगून ठेवतो!”

प्रत्येकाला स्वतःचा प्रामाणिकपणा पक्का ठाऊक होता, त्यामुळे दुसरा लबाड हेही पक्के होते. गावासमोर जाऊन मात्र दोघांनाही काही म्हणता येत नव्हते.

लेनर्ड तंबूच्या दोरीला धरून उभा राहिला. अकराच्या अकरा प्रकारांत सारखे गुण! तेच आकडे, त्याच क्रमाने. मग कणीसुद्धा सारखीच सांडायला हवी. चार हातांनी करा नाहीतर चाळीस हातांनी. दोन सारख्या रांगांची बेरीज वेगळी येते, असे अकरा वर्षांत त्याने कधी पाहिले नव्हते.

रात्रीच्या जेवणाला त्याने ग्लेनिसला विचारले, “तुला माहीत होतं? ते गुण सारखे असतात ते?”

“लेन, सतरा वर्षं मी टाइप करतेय.”

“मला कधी सांगितलं नाहीस?”

“तू कधी विचारलंस? तुला बेरजेशी मतलब. बटाटे घे.”

पुढच्या आठवड्यात गोष्टी वाढत गेल्या. रविवारी पाद्र्याने ‘गुपचूप माप झुकवणारे हात’ या विषयावर प्रवचन केले आणि सगळा वेळ केनकडे पाहिले. केन चर्चची घंटा वाजवीत असे. त्याने दोरी खुंटीला टांगली आणि तो घरी गेला. सोमवारी पाद्र्याच्या घरी मासे शिजल्याचा वास आला. मंगळवारपर्यंत निम्म्या गावाने मटण सोडले होते आणि उरलेल्या निम्म्याने चर्च. चषक त्या वेळी डल्सीकडे होता. तिने तो कोळशाच्या कोठीत ठेवून कुलूप लावले आणि किल्ली गळ्यात अडकवली. कोरीव काम करणारा माणूस नाव खोदायला एलीहून आला, त्याला तिने दारातून चहा पाजून परत पाठवले. सप्टेंबरातल्या सुगीच्या सामुदायिक जेवणाच्या दोन पंगती होणार, एक चर्चमागच्या सभागृहात आणि एक केनच्या गोठ्यात, असेही ठरू लागले.

बुधवारी एलीच्या साप्ताहिकात मथळा आला : ‘इंग्लंडमधला सर्वांत निसटता विजय?’ खाली कोणीतरी हौसेने तो फरक पूर्ण छापला होता. दशांशचिन्हापुढची शून्ये स्तंभात मावली नाहीत म्हणून दोन ओळींत मोडली होती.

त्याच दुपारी ऑफिसात, हातात सँडविच धरलेले असताना, लेनर्डला उत्तर सापडले. सँडविच त्याने तसेच टेबलावर ठेवले आणि बराच वेळ बदकांकडे पाहत बसला. चूक गावाची नव्हती, परीक्षकांची नव्हती, प्रोसेसरचीही नव्हती. १९८६ साली लागलेली त्याची स्वतःची एक सवय होती.

घरी आल्यावर त्याने ग्लेनिसला सगळे सांगितले. तिला त्यातले निम्मे कळले, पण नेमके हवे ते निम्मे.

“म्हणजे हे सगळं तुझ्यामुळे.”

“हो.”

“आणि हे गावाला सांगितलंस तर?”

“नोरीनला कळेल. एकानंही तक्रार केली तर चौकडी बाहेर, असं ठरलंय. आणि इथं तर अख्खं गाव तक्रार करतंय. अकरा वर्षं गेली म्हणून समज.”

“नाही सांगितलंस तर?”

लेनर्डने खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या रस्त्यावरून केनची बायको आणि पाद्र्याची बहीण एकमेकींकडे न बघता जात होत्या. रस्ता पाच फूट रुंद होता, त्यामुळे ते सोपे नव्हते.

“शुक्रवारी सभागृह रिकामं आहे का?” त्याने विचारले.

शुक्रवारी सभागृहात उभे राहायला जागा नव्हती. लेनर्डने टेबलावर चार-चार खणांचे सहा ट्रे एकाला एक लावून मांडले आणि जॅमच्या बावीस रिकाम्या बरण्या आणल्या. बोलायला तोंड उघडले तेव्हा त्याला मागच्या भिंतीशी नोरीन दिसली. तिच्या हातात साप्ताहिकाचे कात्रण होते. दुसऱ्या हातात चहा होता.

एक क्षण त्याला वाटले, बरण्या उचलाव्यात आणि घरी जावे.

“या अकरा बरण्या म्हणजे डल्सीबाईंचे गुण,” तो म्हणाला आणि पहिल्या खणापासून बरण्या लावू लागला. “पहिला ट्रे भरला, दुसरा भरला, तिसऱ्यात तीन. एक खण रिकामा. नावं अक्षरांच्या क्रमानं लागतात, म्हणून त्यांच्यामागे लगेच ऑड्रीबाई. त्यांची पहिली बरणी या उरलेल्या खणात. मग चार, मग चार, मग दोन. आता, माझ्या यंत्राला चार हात आहेत. ते अख्खा ट्रे एकदम उचलतं. मी त्याला असं शिकवलं की, उचलायचं ते ट्रेच्या काठापासूनच. मधूनच सुरुवात झाली तर पुढचा काठ येईपर्यंत सुट्या बरण्या आधी वेगळ्या काढायच्या. म्हणजे डल्सीबाईंच्या बरण्या उचलल्या गेल्या चार, चार, तीन. ऑड्रीबाईंच्या एक, चार, चार, दोन. प्रत्येक उचलीला एक कणी सांडते. उचली वेगळ्या, म्हणून कण्या वेगळ्या. एवढंच झालंय. कोणी कोणाला जास्त गुण दिलेले नाहीत. चूक माझी आहे.”

पहिल्या रांगेतून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, “म्हणजे, कोण कुठं बसलं यावर निकाल लागला?”

“हो.”

“हे आमच्याकडे आधीपासूनच आहे,” म्हातारा म्हणाला.

हसणे ओसरल्यावर केनच्या बायकोने हात वर केला. “पण लेन, बरण्या वेगळ्या असत्या तर बेरीज वेगळी आली असतीच की. सगळा दोष त्या कणीचाच, हे तू कशावरून म्हणतोस?”

“कारण बरण्या वेगळ्या नव्हत्या. अकराच्या अकरा…” लेनर्ड थांबला. पाद्री आणि केन दोघेही छताकडे पाहत होते.

“अकराच्या अकरा काय?”

पाद्री उठला. तो तांबडालाल झाला होता. “मीच सांगतो. सत्त्याण्णव सालापासून मी आणि केन या दोघींना सारखेच गुण देतो. चव न बघता. गावात शांतता राहावी म्हणून. देव मला क्षमा करो. आणि केन, तूही कर.”

“मी कशाला? मीही त्यातच होतो,” केन पुटपुटला. “पण माशांचं काय ते बंद करा.”

आता सगळ्यांच्या माना दोन बायकांकडे वळल्या. एक उजव्या टोकाला बसली होती, एक डाव्या. सतरा वर्षे दोघींना खोटे गुण मिळाले होते. उंच पट्टीच्या बायका श्वास रोखून बसल्या.

डल्सीने सभागृहाच्या त्या टोकाला विचारले, “सांगू का गं?”

सतरा वर्षांत ती ऑड्रीशी बोलली, हे पहिल्यांदाच गावाने ऐकले.

“सांग आता, बाई,” ऑड्री म्हणाली. “माझ्याच्यानं हा आठवडा सोसवला नाही.”

“सत्त्याण्णवचा निकाल लागला तेव्हा मला संशय आला,” डल्सी सांगू लागली. “म्हणून अठ्ठ्याण्णव साली मी दुकानातून विकत आणलेला जॅम ठेवला. तरी बरोबरी! म्हणून मी हिच्या मागच्या दाराशी गेले, जाब विचारायला. तर ही म्हणते, मीही दुकानातलाच ठेवला होता. एकच दुकान, एकच जॅम.”

“पावणेदोन पौंडांचा,” ऑड्रीने आठवण दिली.

“मग आम्ही म्हटलं, बरोबरीच द्यायची आहे तर दोघींनी कशाला मरायचं? तेव्हापासून कांदे, घेवडा, भोपळा, गुलाब हे सगळं ही पिकवते, दोघींसाठी. जॅम, केक, चटणी मी करते, दोघींसाठी. एकाच पातेल्यात. पाद्रीबुवा, गेली पंधरा वर्षं तुम्ही खोटे गुण दिलेच नाहीत. एकाच चटणीला एकच गुण दिलात.”

पाद्री खाली बसला. मग पुन्हा उठला आणि पुन्हा बसला.

“मग तुम्ही समेट का नाही केलात?” ग्लेनिसने विचारले. “सतरा वर्षं तो चषक ओसरीत ठेवता काय, वेगवेगळ्या बाकांवर बसता काय!”

“समेट केला असता तर लोकांनी विचारलं असतं, पहिली माफी कोणी मागितली,” ऑड्री म्हणाली.

“कोणी मागितली?”

“तेच म्हणतेय मी,” ऑड्री म्हणाली.

“पण तुम्ही बसमध्येसुद्धा…” कोणीतरी म्हणाले.

“गावाबाहेरचं वळण गेलं की शेजारी येऊन बसतो. मंगळवारी एलीला मासे खातो.”

केनने ‘मासे’ हा शब्द ऐकून डोके हलवले.

“आणि म्हणून मला राग आला, लेनर्ड,” डल्सी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “ऑड्री जिंकली त्याचा नाही. ती जिंकू दे, तिचे कांदे आहेतच तसे. पण माझी चटणी माझ्याच चटणीला हरली! आणि मी हे कोणाला सांगूही शकत नव्हते.”

सभा संपल्यावर लोक चहाभोवती जमले. दोन टेबले मांडली होती, पण सगळे एकाच टेबलापाशी गेले आणि कप कमी पडले. लेनर्ड बरण्या खोक्यात भरत होता, तेव्हा नोरीन पुढे आली आणि त्याला बरण्या देऊ लागली.

“तक्रार झाली,” लेनर्ड म्हणाला. “तू म्हणाली होतीस तसंच. काढून टाक चौकडी.”

“गप रे. हा काठाचा नियम का घातलायस आधी सांग.”

“१९८६ मधलं ते यंत्र. मधूनच उचललं तर तिप्पट वेळ घ्यायचं. तेव्हापासूनची सवय.”

“आणि आजचे प्रोसेसर?”

लेनर्डने हातातल्या बरणीकडे पाहिले. “आजचे कुठूनही उचलतात. जवळपास तेवढ्याच वेळात. मी वाचलंय ते. वाचलं आणि तरी नियम तसाच ठेवला.”

“मी तरी काय केलं,” नोरीन म्हणाली. “अकरा वर्षं माझ्या सगळ्या चाचण्या पहिल्या खणापासून सुरू होतात. जुन्या बेरजेशी नवी बेरीज ताडून बघत बसले. तीच चटणी दोन ठिकाणी ठेवून बघायचं मला एकदाही सुचलं नाही.” तिने कात्रण घडी करून खिशात घातले. “ऐक. बेरीज जुन्यापेक्षा वेगळी आली तर चालेल. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहू, आणि ज्याला हवं त्यानं चौकडी मागून घ्यावी. पण तीच चटणी, तेच गुण, तर बेरीज तीच यायला पाहिजे. बरणी कुठल्याही खणात असो. होईल?”

“काठाचा नियम काढला की होईल.”

“किती ओळी?”

“एकशे चाळीस.”

“लिहायच्या?”

“खोडायच्या.”

लेनर्डने सतरा दिवसांत त्या खोडल्या. एका दिवसात झाले असते, पण प्रत्येक ओळ तो खोडण्याआधी एकदा वाचत होता. चौकडी त्यामुळे शंभरात एक-दीड भाग मंदावली आणि निवृत्तीच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता, नोरीनने सही केली. त्या दिवशी तिने त्याच्या खोलीत एकच कप चहा प्यायला.

पुढे काय काय झाले ते ड्रेव्हलीत अजून लोकांना आठवते. पाद्री ऑस्लर दोन वर्षांनी समुद्रकाठच्या एका गावी बदलून गेला. तिथल्या प्रदर्शनाचा परीक्षक व्हायला त्याने आल्या दिवशीच नकार दिला. केनने घंटेची दोरी पुन्हा हाती घेतली आणि गुडघे दुखेपर्यंत ओढली. दुकान आता त्याची मुलगी चालवते. नोरीन अजून त्याच इमारतीत आहे. नवा कंपायलर बाहेर पडण्याआधी ज्या हजारो चाचण्या होतात त्यांत एकीचे नाव ‘ड्रेव्हली’ आहे. तिच्यात अकरा आकड्यांच्या दोन सारख्या रांगा आहेत आणि त्या चारही खणांपासून सुरू करून पाहतात. नव्याने आलेली मुले विचारतात, हे आकडे कुठून आले, तेव्हा नोरीन म्हणते, “सातवा चटणीचा आहे. त्याला हात लावायचा नाही.”

लेनर्डने निवृत्तीनंतर कांदे लावले. पहिल्या वर्षी त्यांना दहापैकी चार पूर्णांक तीन दशांश गुण मिळाले. ग्लेनिसने चौदा घरे छापून पाहिली, पण फरक पडला नाही.

चषक मधल्या काळात कोळशाच्या कोठीतच राहिला. दोघी तिथे जाऊन पाहत. डल्सी २०१७ च्या हिवाळ्यात गेली. पुढच्या ऑगस्टमध्ये ऑड्रीने अकराही प्रकारांत एकटीने भाग घेतला. कांद्यांना तिला साडेनऊ मिळाले. चटणी तिने वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः केली होती. केनने ती चाखली, पाणी प्यायला आणि पुन्हा चाखली. मग तो कागद घेऊन तिच्या खुर्चीजवळ गेला.

“ऑड्रीबाई, चटणीला पाच पूर्णांक एक दशांश होतायत. मी म्हटलं… जरा वाढवू का?”

“हात लावलास तर बघ,” ऑड्री म्हणाली. तिने त्याच्या हातातून कागद घेतला, चष्मा लावून तो आकडा नीट वाचला आणि समाधानाने मान हलवली. “बावीस वर्षांनी एकदाचा खरा निकाल लागलाय. डल्सी जिंकली.”